सर्व्हर आधी, शहर मग, फॅक्शन सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. तुम्ही तिघं मित्र अल्बियन ऑनलाइन हा इंटरनेटवर हजारो लोकांसोबत खेळायचा गेम सुरू करणार आहात. दोघं नागपुरात, तिसरा पुण्याला होस्टेलवर आणि त्याच्याजवळ फक्त फोन. रोज रात्री नऊ ते अकरा एवढाच वेळ. तुम्हाला लाकूड-बिकूड गोळा करून धनुष्य चालवायची हौस, दुसऱ्याला नुसती मारामारी हवी, तिसऱ्याला अजून काहीच माहीत नाही. सुरुवातीला पाच शहरांतून एक निवडायला सांगतात, पुढे फॅक्शनचाही, म्हणजे एखाद्या शहराच्या बाजूने लढणाऱ्या गटाचा, पर्याय येतो, आणि तुम्ही लिहिलंय, "चुकीचं निवडलं तर सहा महिन्यांनी पस्तावा व्हायला नको."

तर तुमची खरी भीती शहराची नाही, परत न फिरता येण्याची आहे. म्हणून आधी हे पाहू की या गेममध्ये कोणती निवड परत घेता येते आणि कोणती नाही.

मी हा गेम २०१९ पासून खेळून राहिलो, म्हणजे तो फुकट झाला तेव्हापासून. पोटापाण्यासाठी नागपूरच्या कळमना बाजारात धान्याच्या अडतीवर हिशेब बघतो. त्यामुळे माझा कल मारामारीपेक्षा मालाच्या ने-आणीकडे जास्त आहे, हे वाचताना ध्यानात ठेवा. तुमच्या मारामारीवाल्या मित्राला माझं अर्धं बोलणं पटणार नाही, आणि त्याच्या जागी तो बरोबरच असेल.

ही भीती बहुतेक दुसऱ्या गेममधून येते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये तुम्ही कोणत्या वंशाचं पात्र घेता त्यावरच बहुतेक वेळा अलायन्स की होर्ड, म्हणजे दोन शत्रूबाजूंपैकी कोणती, ते ठरतं. कित्येक वर्षं पलीकडच्या बाजूच्या मित्रासोबत एक डन्जनही, म्हणजे राक्षसांनी भरलेली गुहाही, करता येत नव्हती. ती सोय २०२२ मध्ये झाली. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्येही तीन आघाड्या आहेत, पण २०१६ च्या अखेरीस त्यांनी सगळा नकाशा सगळ्यांना मोकळा केला, आणि आता आघाडीचा खरा प्रश्न येतो तो खेळाडू-विरुद्ध-खेळाडू लढाईत. अल्बियनची रचनाच वेगळी आहे. इथे शहर म्हणजे जात नव्हे, पत्ता आहे. आज सदरला खोली घेतली, उद्या मानेवाड्याला गेलो, असं. सामान हलवायचा त्रास होतो, टेम्पोचं भाडं लागतं, पण कोणी अडवत नाही.

हलवता येत नाही तो सर्व्हर. त्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, म्हणून आधी तेच सांगतो.

अल्बियनचे तीन सर्व्हर आहेत: अमेरिका, आशिया आणि युरोप. आशियाचा २०२३ च्या मार्चमध्ये सुरू झाला, युरोपचा २०२४ च्या एप्रिलमध्ये. एका खात्यावरून तिन्हीकडे पात्रं बनवता येतात, पण इकडचं पात्र, चांदी, कौशल्य तिकडे नेता येत नाही. माझी पहिली चार वर्षं अमेरिकेच्या सर्व्हरवर गेली, कारण तेव्हा दुसरा नव्हताच. इथून पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, अडीचशे मिलिसेकंदांच्या पुढे. शत्रूचा वार पडद्यावर दिसायच्या आधीच मी मेलेला असायचो. आशियाचा सर्व्हर आला तेव्हा सगळं तिकडे सोडून शून्यापासून सुरुवात केली. आता शंभराच्या आसपास मिळतो, पावसाळ्यात फायबरची काही गडबड झाली तर जास्त. पहिले दोन महिने जुनं पात्र आठवून जीव तुटायचा. पण दुसऱ्याच आठवड्यात पहिल्यांदा एका माणसाचा वार बघून बाजूला सरकलो, आणि कळलं की चार वर्षं मी गेम अर्धाच खेळत होतो.

तुमच्या बाबतीत यात "परिस्थितीवर अवलंबून" असं काही नाही. आशिया घ्या. फक्त पुण्याच्या मित्राला आजच फोन करून सांगा. त्याने नकळत दुसरा निवडला तर तुम्ही तिघं कधीच भेटणार नाही, आणि हे मी माझ्या आतेभावाच्या बाबतीत अनुभवलंय. पठ्ठ्या वीस दिवस युरोपवर एकटाच ससे मारत होता आणि मला विचारायचा, "दादा, तू दिसून काहून नाही राहिला?"

आता शहर. ट्युटोरियल संपल्यावर पाच राजशहरांपैकी एकाच्या प्रदेशात तुम्ही उतरता. प्रत्येक शहराभोवती वेगळी जमीन आहे आणि त्या जमिनीत एक मुख्य माल मुबलक मिळतो. लिमहर्स्टच्या जंगलात लाकूड, ब्रिजवॉचच्या माळरानात कातडी, मार्टलॉकच्या पठारावर दगड, फोर्ट स्टर्लिंगच्या बर्फाळ डोंगरांत खनिज, थेटफोर्डच्या दलदलीत कापूस-जवस-ताग अशा जातीचा धागा. प्रत्येक ठिकाणी इतर मालही थोडाफार मिळतो, पण भरघोस मिळतो तो हा.

नवीन माणूस इथेच थांबतो: मला लाकूड हवं, म्हणजे लिमहर्स्ट, झालं. अर्धं बरोबर आहे. कारण माल शुद्ध करायचा, म्हणजे रिफाइनिंगचा, बोनस त्याच शहरात नसतो. लाकडाच्या फळ्या करायचा बोनस फोर्ट स्टर्लिंगला, धाग्याचं कापड करायचा लिमहर्स्टला, खनिजाच्या सळ्या थेटफोर्डला, दगड मार्टलॉकचा पण घडवायचा ब्रिजवॉचला, आणि कातडी ब्रिजवॉचची पण कमवायची मार्टलॉकला. गेम बनवणाऱ्यांनी मुद्दाम केलेली खोड आहे ही. माल एकीकडे आणि कारखाना दुसरीकडे, म्हणजे कोणाला तरी वाहतूक करावीच लागेल, रस्त्यावर कोणी तरी लुटेल, आणि बाजार चालू राहील.

आपल्या नागपूरची गोष्ट नेमकी उलटी. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल १८७७ मध्ये मुंबई सोडून इथे काढली. कापूस जवळ पिकत होता, रेल्वे दहा वर्षांपूर्वीच पोचली होती, वरोऱ्याचा कोळसा हाताशी होता. माल जिथे पिकतो तिथेच कारखाना टाकला की वाहतुकीचे पैसे वाचतात, एवढा साधा हिशेब. अल्बियनमध्ये टाटांना तो हिशेब जमला नसता. थेटफोर्डच्या दलदलीत मिल टाकली असती तर लिमहर्स्टवाल्याने भावात मारलं असतं.

किती मारलं असतं, ते आकड्यात सांगतो, कारण "बोनस आहे" एवढं ऐकून माणसाला काही कळत नाही. राजशहरात बिनबोनसचं रिफाइनिंग केलं तर वापरलेल्या मालापैकी १५.२ टक्के परत मिळतो. बोनसच्या शहरात ३६.७ टक्के. चौथ्या टियरची, म्हणजे चौथ्या दर्जाची, एक फळी करायला दोन पाइन ओंडके आणि तिसऱ्या टियरची एक फळी लागते. समजा तुमच्याकडे एक हजार पाइन आहेत आणि लागतील तेवढ्या खालच्या फळ्याही. परतावा नसता तर ५०० फळ्या झाल्या असत्या. परत आलेला माल पुन्हापुन्हा लावत गेलात तर लिमहर्स्टमध्ये साधारण ५९० होतील, फोर्ट स्टर्लिंगमध्ये साधारण ७९०. म्हणजे तोच माल, तेवढीच मेहनत, आणि दोनशे फळ्यांचा फरक. प्रीमियम, म्हणजे गेमचं जादा सवलतींचं सदस्यत्व, घेतलं की रोज १०,००० फोकस मिळतो. फोकस म्हणजे माल बनवताना खर्च करून परतावा वाढवायचे गुण. तो वापरला तर परतावा बोनसच्या शहरात ५३.९ टक्क्यांवर जातो, पण पहिल्या महिन्यात त्याच्या नादी लागू नका.

मग फोर्ट स्टर्लिंगलाच का राहू नये? राहता येईल. पण तुमचे दोन तास बघा. लाकूडतोड्याचे पहिले दोन महिने रिफाइनिंगमध्ये जात नाहीत, जंगलात जातात. रोज डोंगरातून जंगलात जायला अर्धा तास घालवण्यापेक्षा जंगलातच राहायचं, आणि आठवड्यातून एकदा, शनिवारी-रविवारी, बैलावर माल लादून फोर्ट स्टर्लिंगला न्यायचा. बैल म्हणजे ट्रान्सपोर्ट ऑक्स. हळू चालतो पण वजन भरपूर उचलतो. राजशहरांमधली वाट निळ्या-पिवळ्या भागातूनच काढता येते, आणि तिथे पडलात तरी सामान जात नाही. शहरातून शहरात चांदी मोजून झटकन जायचीही सोय आहे, पण तिचं भाडं वजनावर असतं. रिकाम्या हाताने गेलात तर परवडतं, हजार ओंडके घेऊन गेलात तर फायदा भाड्यात गेला म्हणून समजा. हे कळमन्यात रोज बघतो मी: शेतकरी भाव बघून लांबच्या मंडीत जातो आणि गाडीभाडं-हमाली कापून घरी येतो तेव्हा जवळच विकलं असतं तर बरं झालं असतं म्हणतो.

हत्यारं बनवण्याचेही शहरवार बोनस आहेत. धनुष्य आणि तलवारीचा लिमहर्स्टला. क्रॉसबो आणि खंजीर ब्रिजवॉचला, कुऱ्हाड आणि फ्रॉस्ट स्टाफ मार्टलॉकला, गदा आणि फायर स्टाफ थेटफोर्डला, हातोडा, भाला आणि होली स्टाफ फोर्ट स्टर्लिंगला. तुमच्या नशिबाने लाकूडही लिमहर्स्टचं आणि धनुष्याचा बोनसही लिमहर्स्टचा. म्हणून माझं उत्तर लिमहर्स्ट. दगड फोडायची हौस असती तर मार्टलॉक म्हटलं असतं आणि तेवढ्याच खात्रीने.

एक मात्र समजून घ्या. बोनस बनवणाऱ्याला मिळतो, वापरणाऱ्याला नाही. लिमहर्स्टमध्ये राहिलात म्हणून तुमच्या धनुष्याचा बाण जास्त लागणार नाही. तुमच्या मारामारीवाल्या मित्राला कुऱ्हाड हवी असेल तर ती त्याने मार्टलॉकला बसून घेतली काय नि लिमहर्स्टच्या बाजारात घेतली काय, कुऱ्हाड तीच. भाव तेवढा वेगळा. त्यामुळे त्याने "माझं हत्यार मार्टलॉकचं, मी तिकडे उतरतो" असा हट्ट धरला तर धरू देऊ नका. तिघं वेगवेगळ्या शहरांत उतरलात तर पहिला आठवडा एकमेकांकडे चालत जाण्यात संपेल आणि दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी गेम काढून टाकेल. असं होताना मी निदान चार टोळक्यांचं पाहिलंय. बोनसच्या गणितापेक्षा सोबतीचं गणित मोठं.

बाजाराबद्दल थोडं. प्रत्येक शहराचा बाजार वेगळा आणि बँकही वेगळी. लिमहर्स्टच्या बँकेत ठेवलेला माल थेटफोर्डला काढता येत नाही. म्हणून वर म्हटलं की शहर बदलणं म्हणजे खोली बदलणं. अडचण असते ती साचलेल्या सामानाची. दोन-चार महिन्यांत बँकेत इतका भंगार जमतो की माणूस शहराला चिकटतो. आठवड्याला झाडलोट करून विकत जा. विक्रीवर प्रीमियम नसेल तर ८ टक्के कर, असेल तर ४, आणि स्वतःची ऑर्डर लावली तर वर अडीच टक्के. आमच्या अडतीच्या मानाने हे काही कमी नाही. गेममध्ये स्वतःची जागा म्हणून बेट मिळतं, ते घ्यायची घाईही करू नका, कारण ज्या शहरात घ्याल त्याच्याशी ते जोडलेलं असतं. शहर पक्कं वाटायला लागलं की मग घ्या.

आणि कार्लिऑन. नकाशाच्या मधोमध असलेलं सहावं शहर. तिथे ब्लॅक मार्केट आहे. तुम्ही विकलेली हत्यारं पुढे राक्षसांकडून लूट म्हणून लोकांना मिळतात, म्हणून तिथला भाव कधीकधी डोळे फिरवतो. पण चालत जायचं तर लाल भाग ओलांडावाच लागतो, आणि लाल भागात मेलात तर अंगावरचं, पाठीवरचं सगळं गेलं. २०२० च्या मे महिन्यात मी सहा आठवड्यांची कमाई कापडाच्या रूपात बैलावर लादून निघालो होतो. बाहेर पंचेचाळीस अंश, कूलर घरघरून राहिला, आणि कार्लिऑनचा दरवाजा दोन नकाशांवर असताना आमच्या गल्लीची लाइट गेली. लॅपटॉप चालू, राउटर बंद. फोनचं हॉटस्पॉट लावून परत आत आलो तेव्हा माझं पात्र नदीकाठी नागडं पडलं होतं. गेममधून तुटलात म्हणून पात्र लगेच गायब होत नाही. ते तिथेच उभं राहतं, आणि ज्याला सापडतं त्याची दिवाळी. दुसऱ्या दिवशी राउटरसाठी छोटी बॅटरी आणली. ती खरेदी आजपर्यंतच्या माझ्या गेमिंगच्या सगळ्या खरेदीत शहाणपणाची. तुम्हीही एप्रिलच्या आत घेऊन ठेवा.

पुण्याच्या मित्राचा फोन हा मोठा अडसर नाही. २०२१ पासून हा गेम फोनवर आहे आणि पात्र तेच, सर्व्हर तोच. गोळा करायचं काम फोनवर छान जमतं. एकास एक लढाईत मात्र संगणकवाला वरचढ ठरतो असा माझा अनुभव. त्याने सुरुवातीला होली स्टाफ धरून तुम्हा दोघांना बरं करत राहावं. त्यात नेमबाजी कमी लागते आणि डन्जनमध्ये त्याच्याशिवाय तुमचं पान हलणार नाही, म्हणजे "मी फोनवाला" असा कमीपणाही त्याला वाटणार नाही.

राहिली फॅक्शन. इथेच लोक सर्वांत जास्त घाई करतात आणि इथेच घाईची गरज सर्वांत कमी आहे. शहरात उतरलात म्हणजे त्या शहराच्या फॅक्शनमध्ये गेलात असं होत नाही. त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, आणि न करताही गेम पूर्ण चालतो. नोंदणी केली की पॉइंट मिळतात, त्यातून शहराचं 'हृदय' घेता येतं. लिमहर्स्टचं ट्रीहार्ट, फोर्ट स्टर्लिंगचं माउंटनहार्ट वगैरे. त्यापासून त्या त्या शहराचे केप, म्हणजे पाठीवरचे झगे, आणि बसून फिरायची खास जनावरं बनतात. लिमहर्स्टचं रानडुक्कर, फोर्ट स्टर्लिंगचं अस्वल. अस्वलावर बसून फिरायला मजा येते, नाही म्हणत नाही. पण नोंदणी झाली की विरोधी फॅक्शनवाल्यांना तुम्ही पिवळ्या भागातही शिकार होता. सामान जात नाही, पण लाकूड तोडत असताना दर दहा मिनिटांनी कोणी आडवं पाडलं तर दोन तासांचं काम होत नाही. गोळा करायला निघताना नोंदणी काढून जावं, लढायचं असेल त्या दिवशी करावी.

कोणत्या फॅक्शनमध्ये जायचं हे तुमच्या सर्व्हरवर, तुमच्या वेळेला कोण किती जोरात आहे त्यावर ठरतं, आणि ते दर काही महिन्यांनी बदलतं. मी आज सांगितलेलं तुम्ही वाचाल तोवर शिळं झालेलं असेल. पण बघायचं कसं ते सांगतो. आपले रात्रीचे नऊ म्हणजे सिंगापूरचे साडेअकरा आणि जपानचे साडेबारा. तिकडच्या लोकांची गर्दीची वेळ आपल्या संध्याकाळी पाच ते आठमध्ये होऊन जाते. तुम्ही येता तेव्हा मोठ्या झुंडी पांगायला लागलेल्या असतात. म्हणून शनिवार-रविवारच्या संध्याकाळी नकाशा उघडून कोणाचा रंग जास्त पसरलाय ते बघून भुलू नका. मंगळवारी-बुधवारी रात्री साडेनऊला बघा. त्या वेळेला ज्या फॅक्शनच्या चॅटमध्ये माणसं बोलताना दिसतील, ती तुमची. नकाशावर ती दुबळी असली तरी चालेल. दुबळ्या बाजूला लढाई रोज मिळते आणि तुमच्या मारामारीवाल्या मित्राला तेच हवं आहे.

दोन गोष्टींवर माझं मत बदलू शकतं. तुमच्या ओळखीचं एखादं गिल्ड, म्हणजे खेळाडूंची टोळी, आधीच दुसऱ्या शहरात बसलेलं असेल, तर लाकूड-धनुष्य सगळं विसरून त्यांच्या शहरात जा. शिकवणारी माणसं कोणत्याही बोनसपेक्षा महाग. आणि महिनाभराने तुम्हाला लाकडाचा कंटाळा येऊन कातडी आवडायला लागली, तर ब्रिजवॉचला उठून जायला लाजू नका. तोवर बँकेत जेमतेम एका बैलाचं ओझं जमलेलं असेल.

तेव्हा आज रात्री असं करा. तिघंही फोनवर एकत्र या, आशिया सर्व्हर निवडल्याचं एकमेकांना वाचून दाखवा, ट्युटोरियल पूर्ण करा आणि लिमहर्स्टच्या बाजूला उतरा. मी साधारण दहानंतर लिमहर्स्टच्या बँकेजवळ असतो, धान्याचा हिशेब संपला की. मार्चअखेर असेल तर मात्र अकरा वाजतात.